घोड्याला वळसा घालणारं पाणी

मिस्त्री : नुसता रंग उडालाय असं नाही ना, मावशी. हे बघा. नख लावलं की पापुद्रा सुटून हातात येतो.

मावशी : मग नख नका लावू.

मिस्त्री : नख लावल्याशिवाय कळणार कसं, किती कुजलंय ते?

मावशी : आमचा डॉक्टरही तसलाच. दुखतं तिथेच दाबतो आणि वर विचारतो, दुखतं का?

मिस्त्री : लाकडाला तोंड नाही, म्हणून दाबावं लागतं. जरा टॉर्च धरा. इथे नाही, खाली. पाणी आलं कुठून म्हणालात?

मावशी : वरच्या मजल्यावरून. मास्तरांचा पाइप फुटला. मी लेकीकडे गेले होते, तिला बाळ झालं म्हणून. परत येऊन दार उघडलं तर पायाखाली पाणी. सगळं ह्या भिंतीवरून उतरलं आणि भिंतीला चिकटून उभं कोण, तर हे. बाकी घर कोरडंठाक. सोफा वाचला, कपाट वाचलं. ज्याच्याकडे मी ढुंकूनही बघत नाही ते सगळं वाचलं.

मिस्त्री : फोनवर तुम्ही पेटी म्हणालात. मला वाटलं जुना रेडिओ असेल. हे आहे तरी काय?

मावशी : पिनबॉल. कधी पाहिलं नाहीत?

मिस्त्री : लांबून. आमच्या बापाला वाटायचं असल्या ठिकाणी पोरं वाया जातात.

मावशी : बरोबर वाटायचं. मी तिथेच वाया गेले. हा दांडा ओढून सोडायचा, की लोखंडी गोळी काचेखालून वर पळते. खाली यायला लागली की ही दोन बटणं. एक डाव्या अंगाला, एक उजव्या. आत दोन छोटी वल्ही आहेत, ती गोळीला परत वर भिरकावतात. मधून निसटली की गेली.

मिस्त्री : मग?

मावशी : मग काय? दुसरी गोळी.

मिस्त्री : आणि ह्यातून मिळतं काय?

मावशी : घंटा वाजतात. दिवे लागतात. तुम्हाला अजून काय हवं?

मिस्त्री : मला काही नको. मी फळीबद्दल बोलतो. उजवी बाजू ठणठणीत आहे. समोरची पट्टी बरी. ही डावी फळी मात्र गेली. पाणी आत शिरून तळाला साचलंय, त्याने थर फुगलेत. मी सरळ सांगू? ही काढून टाकू, नवी बसवू. सोपं काम आहे.

मावशी : आणि घोडा?

मिस्त्री : कुठला घोडा?

मावशी : मघापासून त्याच्या पोटावर हात ठेवून बोलताय तुम्ही.

मिस्त्री : हा होय. चित्र. ते नव्या फळीवर काढून घेता येईल. माझ्या ओळखीचा रंगारी आहे, हुबेहूब काढेल.

मावशी : नवा घोडा मला नको. हाच पाहिजे. आमचे हे खेळांच्या हॉलमध्ये मशीनं दुरुस्त करायचे. हॉल बंद झाला तेव्हा मालक म्हणाला, काय हवं ते घेऊन जा. दुसऱ्यांनी खुर्च्या नेल्या, पंखे नेले. ह्यांनी घोडा आणला.

मिस्त्री : ते खेळायचे?

मावशी : छे. त्यांना दुरुस्त करता यायचं, खेळता यायचं नाही. खेळायची मी. हे इथे डावीकडे उभे राहून ऐकायचे.

मिस्त्री : ऐकायचे?

मावशी : मशीन ऐकायचे. कुठली स्प्रिंग सैल झाली, कुठली घंटा बसली. मी जिंकतेय की हरतेय ह्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

मिस्त्री : त्याचे पाय गेलेत, बघितलंत ना? घोड्याचे.

मावशी : बघितलं. म्हणून तर तुम्हाला बोलावलं.

मिस्त्री : बरं. घोडा ठेवू. खालची कुजलेली पट्टी कापतो, तिथे नवं लाकूड जोडतो. वरचे थर उघडून आत गोंद भरायचा आणि शिकंज्यात आवळायचं. पाय नंतर रंगवता येतील. पण आधी हे पूर्ण सुकलं पाहिजे. ओल्या लाकडाला गोंद धरत नाही. असं करतो, फळी सोडवून माझ्या कारखान्यात नेतो. तिकडे लवकर सुकेल.

मावशी : नको. घराबाहेर नाही जायची ती.

मिस्त्री : तिथे काय कुणी खाणार आहे तिला?

मावशी : मी म्हटलं ना, नको.

मिस्त्री : तसाही हा कोपऱ्याचा सांधा जुना आहे, सोडवताना फुटायची भीती. ठीक आहे. मग वेळ लागेल. तोवर वायर लावायची नाही, बटण दाबून बघायचं नाही. आधी भिंतीपासून लांब ओढू. ह्या बाजूला माझं एक मोठं काम चालू आहे, दर मंगळवारी असतो मी. येता येता डोकावून जाईन.

मावशी : दर मंगळवारी?

मिस्त्री : सुकेपर्यंत.

मावशी : चहात साखर किती घेता?

* * *

मिस्त्री : ऐका हं. इथे वाजवतो. ठक. ऐकलंत? आता इथे. ठप. ठक म्हणजे सुकलं, ठप म्हणजे ओल आहे.

मावशी : परत वाजवा.

मिस्त्री : ठप.

मावशी : कान चांगला आहे तुमचा.

मिस्त्री : कानाचं काय घेऊन बसलात. मागच्या मंगळवारी इथे जवळजवळ ठक यायला लागलं होतं. आज परत ठप. खालची नवी पट्टी गोंद न लावता तात्पुरती बसवली, तिच्या बुडाला मी मेण लावून ठेवलंय, खालून थेंब शिरणार नाही. भिंतीपासून हातभर लांब आणलं. खिडकी उघडी ठेवता ना?

मावशी : उघडी असते. बसा ना. उभ्या उभ्या किती वाजवाल?

मिस्त्री : माझ्याकडे कामं तुंबलीत, मावशी. एका घराचं स्वयंपाकघर अर्धं उघडं पडलंय, ती बाई रोज फोन करते.

मावशी : तिला सांगा, दुसरी एक म्हातारी आहे, तिचा घोडा आजारी आहे.

मिस्त्री : तिला घोडा सांगून चालणार नाही, तिला ओटा पाहिजे. ... चहा चांगला झालाय.

मावशी : दोन माणसांचा चहा चांगला होतो. एकीचा करायला गेलं की एक तर पाणी जास्त नाही तर पावडर.

मिस्त्री : लेक किती दिवसांनी येते?

मावशी : यायची म्हणते. बाळ लहान, नवऱ्याची नोकरी, तिची नोकरी. मी जाऊन आले ना. चांगलं केलं माझं सगळं. पण तिकडे मी सकाळी उठले की सगळ्यांना वाटायचं, आता हिला काय द्यायचं. स्वतःच्या लेकीकडे पाहुणी होणं बरं नाही वाटत. इकडे निदान मी कुणाच्या वाटेत नाही.

मिस्त्री : शेजारीपाजारी?

मावशी : समोरचं दार सकाळी बंद होतं ते संध्याकाळी उघडतं. जिन्यात भेटलो की विचारतात, बरं आहे ना? मी म्हणते, बरं आहे. त्यांचा पाय तोवर पुढच्या पायरीवर गेलेला असतो.

मिस्त्री : हं.

मावशी : परवा टीव्हीवरची बाई म्हणाली, कशा आहात तुम्ही सगळे? मी म्हटलं, बरी आहे. आणि माझाच आवाज ऐकून दचकले. दोन दिवसांत पहिल्यांदा ऐकला होता.

मिस्त्री : ... आणखी अर्धा कप असेल तर द्या.

मावशी : आहे ना. साखर अर्धा चमचा, माहितीये मला.

* * *

लेक : आई, आवाज येतोय का? स्पीकरवर का ठेवलायस?

मावशी : हात ओले आहेत ग. बोल. बाळ काय करतंय?

लेक : झोपलंय. मला दहा मिनिटांत मीटिंग आहे. ऐक, ते मशीनचं झालं का?

मावशी : चाललंय.

लेक : अजून? आई, एक फळी आहे. एका फळीला माणूस इतके आठवडे लावतो? अगं तो तुला बनवतोय. एकटी बाई बघितली की असंच करतात. आज येतो, उद्या येतो, थोडं इथे ठोक, थोडं तिथे ठोक.

मावशी : असं बोलू नये. चांगला माणूस आहे.

लेक : तुला सगळेच चांगले वाटतात. फोन नंबर दे त्याचा, मी बोलते.

मिस्त्री : बोला ताई. मी इथेच आहे.

लेक : ... ओह. सॉरी. म्हणजे, मी तुम्हाला असं नव्हते म्हणत.

मिस्त्री : म्हणालात ते बरोबरच आहे. माझ्याकडे कुणी इतके दिवस लावले असते तर मीही हेच म्हटलं असतं. मी काम लांबवत नाही, ताई. लाकूडच सुकत नाही. मागच्या मंगळवारी एक कोपरा चिकटवून शिकंज्यात ठेवून गेलो होतो. आज सोडवला तर थर परत उघडले. आतून ओल. इतकी वर्षं हे काम करतोय, माझा गोंद सुटलाय असं कधी झालं नाही.

लेक : मग प्रॉब्लेम काय आहे?

मिस्त्री : तेच शोधतोय. मला वाटतं वरून अजून गळतंय. मास्तरांनी पाइप बदलला म्हणतात, पण न्हाणीघराच्या फरशीखाली कुठेतरी चीर असणार. पाण्याला चोरवाटा सापडतात.

लेक : पण छतावर ओल दिसतेय का?

मिस्त्री : दिसत नाही. त्यानेच तर डोकं चालेनासं झालंय.

लेक : आई, तुला रात्री थेंब पडल्याचा आवाज येतो का? आई?

मावशी : काय?

लेक : थेंबांचा आवाज. पाणी टपकतं का?

मावशी : मला हल्ली कमी ऐकू येतं.

मिस्त्री : मावशी, मघाशी खाली भाजीवाला ओरडला ते तुम्ही आतल्या खोलीतून ऐकलंत.

मावशी : भाजीवाला ओरडतो. पाणी ओरडतं का?

लेक : मी काय म्हणते, दादा, तुम्ही मास्तरांशी बोलून घ्या. आणि ह्या महिन्यात होत नसेल तर सोडून द्या. आई, मी सिरियसली सांगतेय, ते मशीन भंगारात दे. तू इकडे ये. बाळ पण तुला विचारतं.

मावशी : तीन महिन्यांचं बाळ मला विचारतं?

लेक : आई, तू ना. चल, मला जॉइन व्हायचंय. औषध घे. रविवारी बोलू.

मावशी : हो. रविवारी.

मिस्त्री : ... ठेवला त्यांनी.

मावशी : मनावर घेऊ नका. प्रेमाने बोलते. घाईत असते, म्हणून प्रेमसुद्धा घाईत करते.

मिस्त्री : मनावर घेणारच. माझ्या कामावर कुणी बोट ठेवलेलं नाही आजवर. आता ह्या ओलीचा छडा लावल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

* * *

मिस्त्री : मास्तरांकडून आलो. उद्या सकाळी फरशी फोडतायत.

मावशी : कुणाची?

मिस्त्री : त्यांचीच. न्हाणीघराची. आधी तयार होत नव्हते. घरात वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांना आंघोळ कुठे घालायची, हा प्रश्न. मी जरा आवाज चढवला. म्हटलं, तुमच्या पाण्याने खालच्या बाईंचं नुकसान होतंय, माझं नाव खराब होतंय. शेवटी हो म्हणाले.

मावशी : त्यांना सांगा, नका फोडू.

मिस्त्री : का?

मावशी : म्हातारा माणूस आहे घरात.

मिस्त्री : दोन दिवसांचा प्रश्न आहे. पुसून काढतील अंग. एकदा चीर सापडली की मी मोकळा.

मावशी : त्यांचं पाणी नाही ते.

मिस्त्री : मग कुणाचं?

मावशी : चहा ठेवते.

मिस्त्री : चहा राहू द्या. मावशी, इकडे या. मी आत्ता एक गोष्ट बघतोय, मला कळत नाहीये, तुम्ही सांगा. ही ओल बघा. शेपटीच्या मागे आहे. पोटाखाली आहे. मानेच्या पुढे थोडी आहे. वरून थेंब पडले असते तर घोड्याच्या पाठीवरून ओघळले असते ना? पाठ कोरडी. तोंड कोरडं. आयाळीवरचा रंग जसाच्या तसा. पाणी कधी असं वागतं का? चित्राला धक्का न लावता, घोड्याला वळसा घालून जातं?

(वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली सरकवतं.)

मावशी : फडकं.

मिस्त्री : काय?

मावशी : ओलं फडकं लावते मी. सोमवारी दुपारी. घड्या घालून, घोडा सोडून. तुम्ही यायच्या आधी काढून वाळत घालते.

मिस्त्री : तुम्ही?

मावशी : हो.

मिस्त्री : मी वर जाऊन त्या माणसाला नाही नाही ते बोललो. त्याच्या आजारी बापासमोर. तुमच्या लेकीने मला लबाड ठरवलं, मी ऐकून घेतलं. रोज झोपताना मी विचार करतोय, गोंद चुकला का, लाकूड चुकलं का, हात गेला का माझा. आणि तुम्ही इथे फडकं लावताय?

मावशी : बोला. अजून बोला. माझं चुकलंच.

मिस्त्री : पण का? तुमचीच वस्तू. तुम्हालाच ती परत हवी.

मावशी : सुकली की तुम्ही येणार नाही. पहिल्या दोन मंगळवारी नव्हतं लावलं. देवाशपथ नव्हतं. तिसऱ्या वेळी तुम्ही म्हणालात, आता आलंच सुकत. तुम्ही गेलात, आणि मी कपबशा विसळायला घेतल्या. दोन कप. माझ्या मनात आलं, आता हा दुसरा कप वर मांडणीवर ठेवून द्यायचा. मला ते जमेना. मंगळवार आला की मी फरशी पुसते, केस नीट विंचरते, बरी साडी नेसते. बाकीचे दिवस कुणासाठी पुसायची? घर नुसतं खायला उठतं हो. हे गेल्यावर मशीन होतं. मी खेळायचे, घंटा वाजायच्या, वाटायचं कुणी आहे. ते बंद पडलं तेव्हा कळलं किती शांत आहे इथे. आणि मग तुम्ही आलात, ठकठक करत.

मिस्त्री : मग बोलवायचं होतं ना सरळ.

मावशी : काय म्हणून बोलवायचं? मिस्त्री, या, काही काम नाही? कामाशिवाय माणसाला कोण बोलावतं? आणि बोलावलं तर कोण येतं?

मिस्त्री : ... हे मात्र खरं आहे.

मावशी : काय?

मिस्त्री : मलाही कामाशिवाय कुणी बोलावलेलं नाही. जिथे जातो तिथे काहीतरी मोडलेलंच असतं. दार उघडणारं माणूस आधी माझ्या पिशवीकडे बघतं, मग माझ्याकडे. काम झालं की कुठून तरी केरसुणी काढतात आणि माझ्या पायाशी झाडायला लागतात. म्हणजे ओळखायचं, निघा आता.

मावशी : मी कधी झाडलं नाही.

मिस्त्री : नाही. तुम्ही ओलं केलंत.

मावशी : हसताय तुम्ही.

मिस्त्री : हसत नाहीये. मला राग आलाय. तो जाईल, पण आज आहे. आधी वर जाऊन मास्तरांना सांगितलं पाहिजे. सांगतो, माझाच अंदाज चुकला, फरशी फोडू नका.

मावशी : तुमचा कुठे चुकला? मी येते. मी सांगते त्यांना.

मिस्त्री : तुम्ही? फडक्याचं सांगणार?

मावशी : हो. मास्तर हसतील. हसू देत. आणि लेकीलाही आजच फोन करते, रविवारची वाट न बघता. तुमच्या नावाला बट्टा नको माझ्यापायी. ... जिना जरा उंच आहे. हात द्याल?

मिस्त्री : या. सावकाश. फडकं आधी बादलीत टाका ते.

* * *

मावशी : मास्तर हसले नाहीत, बरं का. त्यांची बायको हसली. मास्तर म्हणाले, ह्या वयात हे शोभत नाही. मी म्हटलं, ह्याच वयात शोभतं, आधी वेळ कुठे होता?

मिस्त्री : हलू नका, धरून ठेवा. हा शेवटचा शिकंजा. ... सुटला. आता वाजवा तुम्हीच.

मावशी : ठक.

मिस्त्री : इथे?

मावशी : ठक. सगळीकडे ठक.

मिस्त्री : आता हिला पाण्यात बुडवून ठेवलं तरी थर उघडायचे नाहीत. पण बुडवू नका.

मावशी : जोड कुठे आहे ते दिसतसुद्धा नाही. आणि पाय तुम्ही काढलेत? रंगारी येणार होता ना?

मिस्त्री : उजव्या फळीवरही असाच घोडा आहे ना, त्याचे पाय छापून घेतले आणि उलटे करून लावले. रंगाऱ्याला कशाला? हा एक खूर राहिला, तेवढा रंग दिला की संपलं.

मावशी : एक राहू दे ना.

मिस्त्री : काय राहू दे?

मावशी : खूर. पुढच्या मंगळवारी करा.

मिस्त्री : नाही. अर्धवट काम मी सोडत नाही. तीन पायांवर घोडा उभा करून ठेवू? बघणारा काय म्हणेल?

मावशी : बघणारं आहे कोण?

मिस्त्री : मी बघितलंय ना. मला झोप येणार नाही. सरका जरा, उजेड अडतोय.

मावशी : हट्टी आहात.

मिस्त्री : ... झालं. हात लावू नका, ओला आहे. आता वायर लावा. आतलं सगळं इलेक्ट्रिशियनने तपासलंय. लावा, घाबरू नका.

मावशी : तुम्ही दाबा बटण.

मिस्त्री : तुमचं मशीन आहे.

मावशी : ... लागले. सगळे लागले हो दिवे. तो लाल एक आधीपासूनच मिचमिचतो, त्याला सवय आहे.

मिस्त्री : खेळा.

मावशी : तुम्ही समोर नका उभे राहू. इकडे डावीकडे या. हां, तिथे. ... ही घ्या पहिली. अगं, अगं, इकडे ये. इकडे. ... गेली. हात विसरलेत माझे.

मिस्त्री : दुसरी गोळी असते म्हणालात ना.

मावशी : असते. ... ही बघा. बघा, वर गेली. ऐका घंटा. आता डाव्या वल्ह्यावर आली की...

मिस्त्री : थांबा. डावीकडे काहीतरी थरथरतंय.

मावशी : काय?

मिस्त्री : घंटा वाजली की मागून बारीक थरथर येते. आतला स्क्रू सैल असणार. पेचकस कुठे ठेवला मी? अहो, काय झालं? गोळी गेली ना तुमची.

मावशी : जाऊ दे. हे तिथेच उभे राहायचे. मी अशी रंगात आले की म्हणायचे, थांब, काहीतरी वाजतंय. मी इतकी चिडायचे. एकदा तर दोन दिवस बोलले नाही.

मिस्त्री : मी नंतर आवळू का?

मावशी : नाही, आत्ताच आवळा. आत्ता थांबा म्हणालात ते बरं वाटलं.

मिस्त्री : ... हा. आवळला. आता वाजवा. बघा, काही नाही. स्वच्छ.

मावशी : म्हणजे आता काही राहिलं नाही.

मिस्त्री : नाही.

मावशी : एखादा खिळा, एखादी पट्टी?

मिस्त्री : सगळं झालं, मावशी. इकडचं माझं मोठं कामही ह्या आठवड्यात संपलं. आता मंगळवारी मी दुसऱ्या टोकाला असेन.

मावशी : हो का. चांगलं झालं. काम संपावंच लागतं.

मिस्त्री : एक कबूल करा. परत फडकं लावायचं नाही.

मावशी : नाही लावणार.

मिस्त्री : स्क्रू सैल करायचा नाही, खिडकीतून पाणी आलं म्हणायचं नाही. मला बोलवायचं असेल तर फोन उचलायचा आणि बोलवायचं.

मावशी : आणि काय सांगायचं?

मिस्त्री : जे असेल ते. खोटं नको. मी धावत येतो लाकडासाठी आणि इथे येऊन कळतं फडकं, ते मला चालणार नाही.

मावशी : येतो येतो सगळेच म्हणतात, मिस्त्री.

मिस्त्री : म्हणतात. चला, पिशवी भरतो.

मावशी : भरा. मी काही केरसुणी काढत नाही.

* * *

मिस्त्री : हॅलो. कोण?

मावशी : मी बोलतेय. घोडेवाली.

मिस्त्री : मावशी? एक मिनिट, करवत बंद करतो, काही ऐकू येत नाहीये. ... हां. बोला. किती दिवसांनी. काय झालं, जोड सुटला का?

मावशी : नाही.

मिस्त्री : पाणी आलं परत?

मावशी : थेंबसुद्धा नाही.

मिस्त्री : दिवे लागतात?

मावशी : सगळे. लालसुद्धा मिचमिचायचा थांबला.

मिस्त्री : मग घोडा? रंग तडकला का खुराचा?

मावशी : चारी पायांवर आहे. मी रोज खेळते. काल इतक्या घंटा वाजल्या की वरून मास्तरांच्या बायकोने विचारलं, काय चाललंय. सांगून टाकलं, जिंकतेय. ... तिला बरं वाटलं.

मिस्त्री : मग फोन?

मावशी : सकाळपासून उचलतेय आणि खाली ठेवतेय. एकदा वाटलं सांगावं, दांडा अडकतो म्हणून. मग दांडा ओढून बघितला. अडकत नाही.

मिस्त्री : बरं.

मावशी : तुम्ही म्हणाला होतात, जे असेल ते सांगा.

मिस्त्री : म्हणालो होतो.

मावशी : मिस्त्री, इथे काही बिघडलेलं नाही.

मिस्त्री : ... येतो. संध्याकाळी, हे लाकूड उतरवून झालं की. पिशवी इथेच ठेवून येतो.